चौथा दिवस मोकळा

१९ ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. दोन वर्षांतलं पहिलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं, तशी ते ओट्यावर ठेवून आधी भांडी घासली, कपडे वाळत घातले, मग उघडलं.

तर तुमचा नियोजन बघणारा माणूस ऐन हंगामात सोडून गेला, त्याच्या मागोमाग सहलीबरोबर जाणाराही गेला, आणि आता सव्वीस वयस्कर माणसांना घेऊन तेरा दिवस तुम्हाला स्वतः फिरायचं आहे. कार्यक्रम आखून द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून वहिनीची आठवण झाली. 'तुमच्यासारखे मुक्काम कुणालाच लावता येत नाहीत,' असं लिहिलंय तुम्ही. ते खरंच आहे. पण अठरा वर्षं मी आपल्या कंपनीचे मुक्काम लावत होते, तेव्हा हे वाक्य तुमच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते मी लिहीत नाही, कारण त्यात माझाच अपमान आहे.

तुमच्या दादांची विचारपूस तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत केलीत. सांगते. ते बरे आहेत. सकाळी उठतात, दाढी करतात, खिडकीशी बसतात. वीस वर्षं बस चालवलेला माणूस दोन वर्षांत कुठल्याही गाडीत बसलेला नाही. दवाखान्यातसुद्धा चालत जातात. परवाना रद्द झाला तेव्हा तो त्यांनी स्वतःच नेऊन दिला, कुणी मागायच्या आत. चौकशीच्या कागदात काय आहे ते तुम्हाला पाठ असेल, तरी लिहिते: 'आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती मिळूनही चालकास डुलकी लागली.' त्या डुलकीत बस वळणावरच्या कठड्याला घासत गेली आणि पुढच्या सीटवर बसलेला आपला आचारी जागच्या जागी गेला. बाकी सगळे वाचले. दादांना तर नुसतं खरचटलं, आणि तेच त्यांना अजून सोसत नाही.

'पूर्ण विश्रांती' हे शब्द तुमचे. चौकशीत तुम्हीच ते सांगितलेत. त्या दोन शब्दांखाली माझा नवरा दबलाय, भाऊजी, आणि मी जिवंत आहे तोवर ते शब्द तुमच्या घशातून परत काढणार आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता कामाचं. हल्ली मी एका धुलाई केंद्रात चाळीस बायकांच्या पाळ्या आणि सुट्ट्या लावते. कुणाला कधी बसवायचं ते मला कळतं, एवढंच कसब हाताशी राहिलंय. ते तुमच्यासाठी वापरायला माझी ना नाही. मोबदला नको. दोन अटी आहेत. मी आखलेला कार्यक्रम जसाच्या तसा छापायचा आणि प्रवाशांना आधी वाटायचा. आणि दर मोकळ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी तुमच्यासाठी माझं एक पत्र असेल, ते त्याच दिवशी, खोलीत बसून वाचायचं.

कार्यक्रम आठवड्याभरात पाठवते. दर चौथा दिवस मोकळा, आपल्या जुन्या रीतीप्रमाणे.

वहिनी


१८ सप्टेंबर
(चोवीस तारखेला, सहलीच्या चौथ्या दिवशी वाचण्यासाठी)

भाऊजी,

बसलात का? खुर्ची कडक आहे, मला माहीत आहे. त्या घरात दुसरी नाही.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की इथं फोन लागत नाही. दूरदर्शन संच बंद आहे. मालकीणबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्यावर आवाज चढवूनही उपयोग नाही. समोर तळं आहे, त्यात बदकंसुद्धा नाहीत. मोकळा दिवस कुठे ठेवावा याचा माझा नियम तुम्ही कधी ऐकून घेतला नव्हतात, आता वेळच वेळ आहे तर ऐका. बाजाराच्या गावात ठेवू नये, माणसं खरेदीला बाहेर पडतात आणि संध्याकाळी पाय धरून बसतात. लांब पल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नये, आदल्या दिवशी ठेवावा. आणि जिथं बघण्यासारखं काहीच नाही तिथंच ठेवावा. प्रवासात पहिल्या दिवशी माणसाचा उत्साह दिसतो, दुसऱ्या दिवशी बढाया, तिसऱ्या दिवशी दुखरे पाय आणि चौथ्या दिवशी स्वभाव. आज नाश्त्याच्या वेळी कोण कोणावर खेकसलं ते आठवून बघा.

तुम्ही आता अंगणात फोन उंच धरून फेऱ्या मारत असाल. तुम्हाला बसवतच नाही. सासूबाई म्हणायच्या, ह्याला पाळण्यातही दोरीनं बांधावं लागायचं. चालकाचा दिवस मोकळा गेला तर तुमच्या पोटात दुखायचं, आचारी दुपारी आडवा झाला तर तुम्ही त्याला कांदे सोलायला लावायचात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या दमतात हे कळत नाही.

एक सूचना. चालकाला आज उठवू नका. बसची किल्ली शोधू नका, सापडणार नाही. ती मालकीणबाईंच्या कपाटात आहे आणि उद्या सकाळी सहालाच मिळेल. मी त्यांना तसं आधीच कळवून ठेवलं होतं. का, ते विचारू नका. तुम्हाला ठाऊक आहे, आणि नसेल तर आठवायला आज अख्खा दिवस आहे.

हे झालं की छापील कार्यक्रमाचं तिसरं पान उघडा. तुम्ही कधी मुखपृष्ठाच्या पुढे जात नाही, म्हणून सांगते. आठव्या दिवसाचा मुक्काम आचाऱ्याच्या गावी आहे. पूर्ण दिवस. मुक्काम बदलून घ्यायचा विचार मनात आला असेल, तर तुमच्या गटातल्या निवृत्त पोस्टमास्तरांना विचारून बघा. त्यांनी माझ्याबरोबर तीन सहली केल्या आहेत. छापील कार्यक्रमात अर्ध्या तासाचा फरक पडला तर ते अर्ज लिहितात, आणि अर्जाच्या चार प्रती करतात. या सहलीला त्यांनी यावं म्हणून मी त्यांना मुद्दाम पत्र लिहिलं होतं.

दुपारचं जेवण एकला आहे. तोवर बसा.

वहिनी


२२ सप्टेंबर
(अठ्ठावीस तारखेला, आठव्या दिवशी वाचण्यासाठी)

भाऊजी,

पडदा बाजूला करा. रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान दिसतंय ना, त्याच्या वरची हिरव्या दाराची खोली आचाऱ्याच्या बायकोची. हे लॉज मी तेवढ्यासाठी निवडलं, नाहीतर याची गाद्या-उशांची अवस्था मला माहीत आहे.

आचारी सतरा वर्षं आपल्याबरोबर होता. बडबड्या, खोडसाळ, दर मुक्कामी तिथल्या पातेल्यांना नावं ठेवणारा. गाडीत त्याची जागा ठरलेली होती, सगळ्यात मागे, भांड्यांच्या शेजारी. वळणावर झाकणं घसरली की तो पायानं धरायचा. त्या दिवशी मात्र तो पुढे होता. चौकशीवाल्यांनी त्याचीही बोळवण केली: 'आचारी नियमबाह्य रीतीने पुढील सीटवर बसून चालकाशी गप्पा मारीत होता.' म्हणजे एक झोपला आणि एकानं गप्पा मारल्या. साळसूद काय ते तुम्ही एकटे. त्याच्या बायकोला तो कागद कुणीतरी वाचून दाखवला. तिला वाटतं, नवऱ्यानं स्वतःच्या जिभेपायी जीव घालवला आणि बाकीच्यांचाही घालवला असता. शेजारणी तिला तसं तोंडावर म्हणतात. ती हल्ली खालच्या शिंप्याची काजं-बटणं करते आणि त्याच्याखेरीज कुणाशी बोलत नाही.

आता ऐका. अपघातानंतर महिन्याभरानं मी त्या मोडक्या बसमधून दादांचा चष्मा आणायला गेले होते, आठवतं? तुम्हाला वाटलं, चष्माच आणला. मी किलोमीटरचा आकडाही टिपून आणला. मुक्काम ते मुक्काम अंतरं मला तोंडपाठ आहेत, झोपेत विचारा. निघतानाचा आकडा नोंदवहीत होता. बेरीज केली, पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. दोनशे नव्वद किलोमीटर जास्त, भाऊजी. बस काही स्वतःहून फिरायला जात नाही.

त्या चौदा तारखेला, मोकळ्या दिवशी, प्रवासी दुपारची झोप काढत होते आणि तुम्ही दादांना दुसऱ्या कुठल्यातरी फेरीवर पिटाळलंत. घाटाचा रस्ता, म्हणजे नऊ-दहा तास चाकावर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा गाडी काढायला लावलीत. आणि नोंदवहीत चौदा तारखेपुढे त्यांच्याच अक्षरात 'विश्रांती' असं आहे. ते तुम्ही लिहून घेतलंत. धाकट्या भावानं सांगितलं तर दादा विहिरीत उडी घेतील आणि वर म्हणतील, पाय घसरला.

जवळजवळ दोन वर्षं मी हे पोटात ठेवलंय. दादांना विचारलं की ते एकच वाक्य बोलतात, 'झोप मला लागली.' त्यापुढे तोंडाला कुलूप. त्यांच्या सहीच्या विरुद्ध माझा एक आकडा, मला कोण विचारणार? तुम्ही बोललात तरच ते खरं ठरेल. म्हणून हा खटाटोप.

आज अकरा वाजता तुम्ही ते हिरवं दार वाजवायचं आहे. मी तिला तुम्ही येणार म्हणून कळवलं आहे, कशासाठी ते सांगितलेलं नाही. तिच्यासमोर बसायचं आणि चौदा तारखेला काय झालं ते सांगायचं. एवढंच.

वहिनी


२९ सप्टेंबर
(दोन ऑक्टोबरला, बाराव्या दिवशी वाचण्यासाठी)

भाऊजी,

काल संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही ओरडलात, मी रिसिव्हर कानापासून जरा लांब धरला, मग तुम्ही रडलात, तेव्हा पुन्हा जवळ घेतला. काय ते म्हणालात, 'वहिनी, हे उकरून काढू नका, ज्याला जपायचंय त्यालाच लागेल.' मी लिहून ठेवलंय. चोराच्या मनात चांदणं असतं ते ऐकून होते, पण तो चांदण्याचं कौतुकही दुसऱ्याच्या नावावर खपवतो हे नवीन.

तुमच्यानंतर तासाभरानं आचाऱ्याच्या बायकोचा फोन आला, शिंप्याच्या दुकानातून. म्हणाली, तुमचे दीर आले होते, वीस मिनिटं बसले, हवापाण्याचं बोलले, मग रडायला लागले, मी पाणी दिलं, ते प्यायले आणि गेले. कशाला आले होते, असं तिनं मला विचारलं. पुरुषांनी येऊन रडायचं आणि बायकांनी पाणी द्यायचं, यासाठी मी तुम्हाला तिच्या दारात उभं केलं नव्हतं.

तेव्हा आता बारावा दिवस. तुम्ही ज्या खोलीत हे वाचताय तिच्या मागच्या दारातून बाहेर गेलात तर दोनशे पावलांवर ते वळण आहे. कठडा नवा बांधलाय, त्याचा रंग वेगळा दिसतो. सहा खोल्यांची ही जागा आपण कधी मुक्कामाला घेतली नव्हती. मी फोन करून करून ठरवली.

आज रात्रीचं जेवण साडेसातला आहे. सगळी माणसं एका टेबलाला असतील. त्यांच्यासमोर तुम्ही उभं राहून तीन वाक्यं वाचायची. पण-परंतु नाही, परिस्थिती नाही, देवाची इच्छा नाही. चौदा तारखेला दादांना विश्रांती होती की नव्हती, नसली तर कुणामुळे नव्हती, आणि चौकशीत तुम्ही काय सांगितलंत. मग सही करायची आणि तीन प्रती टपालात टाकायच्या. एक चौकशी कार्यालयाला, एक हिरव्या दाराला, एक मला.

नाही वाचलंत तर? पोस्टमास्तरांकडे माझं बंद पाकीट आहे. त्यात तो आकडा, अंतरांचा तक्ता आणि नोंदवहीच्या पानाची नक्कल आहे. दुसऱ्याचं पाकीट ते जन्मात फोडणार नाहीत, पण हे त्यांच्या नावचं आहे आणि वर 'रात्री साडेआठ वाजता उघडावे' असं लिहिलंय. ते आठ वाजून एकोणतीस मिनिटांपर्यंत घड्याळाकडे बघत बसतील.

तुम्हाला वाटत असेल, वहिनी इतकी दुष्ट कधी झाली. मलाही वाटतं कधीकधी. मग मी आतल्या खोलीत बघते, तुमचे दादा खिडकीशी बसलेले असतात आणि रस्त्यावरून बस गेली की डोळे मिटून घेतात. मग मला काही वाटत नाही.

वहिनी


६ ऑक्टोबर

भाऊजी,

मिळालं. दारातच फाडून वाचलं. मग आत येऊन वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं.

'चौदा तारखेला दादाला विश्रांती मिळाली नाही. जास्तीची फेरी पदरात पाडून घ्यायच्या हावेने मी त्याला दोनशे नव्वद किलोमीटर पाठवले. चौकशीत मी खोटे बोललो.'

तीन वाक्यं, खाली सही. पोस्टमास्तरांचंही पत्र आलंय. तुम्ही उभं राहून वाचलंत, दोन बायका जेवणावरून उठून गेल्या आणि उरलेल्या प्रवासात तुमच्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही, असं त्यांनी कळवलंय. पाकीट न फोडता परत पाठवलंय, आणि सहल वेळेवर पोचल्याचा शेराही दिलाय.

मला सांगायला लाज वाटत नाही, मी स्वयंपाकघरात एकटी उभी राहून हसले. हाव. किती नेमका शब्द सापडला तुम्हाला. मी दोन वर्षं तोच शोधत होते. रात्री अंथरुणावर पडून मी हा कागद तुमच्याकडून मनातल्या मनात कितीदा लिहून घेतला असेल, आणि दर वेळी त्यात हाच शब्द असायचा. आता तुम्ही लोकांच्या नजरेला नजर देऊन बघा. दादांनी दोन वर्षं ती सोसली, तुम्हाला निदान दोन महिने तरी सोसवतात का बघू.

दादा आता झोपलेत. दुपारी उठले की चहा देईन आणि वाचून दाखवीन. कधीची वाट बघत होते या दुपारची.

वहिनी


११ ऑक्टोबर

भाऊजी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. आधीची दोन फाडली, कारण दोन्हींत मी तुमच्यावरच चिडले होते.

दादांना मी तुमचा कागद वाचून दाखवला. आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून. मला वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, किंवा ते म्हणतील, सुटलो. ते म्हणाले, "हाव? असं लिहिलंय त्यानं?" मग उठले, कपाट उघडलं, स्वेटरांच्या खालून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुझ्या हातचा शेरा आहे कोपऱ्यात."

तो काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, तरी मला लिहू द्या. ते बावीस निवृत्त शिक्षिकांचं पत्र होतं, दुसऱ्या एका कंपनीमार्फत आलेलं. त्या बोटीनं येणार होत्या आणि धक्क्यावरून त्यांना डोंगरावरच्या विश्रामगृहात पोचवायचं काम आपल्याकडे होतं. पत्रात लिहिलं होतं, दहा तारखेला निघून पाचव्या दिवशी धक्क्यावर उतरू. आपल्या कंपनीत घरून निघायचा दिवस शून्य धरायची पद्धत आहे, पहिला दिवस त्याच्यानंतरचा. सासऱ्यांनी घालून दिलेली, आणि ती सोडून दुसरी पद्धत जगात असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मी दहात पाच मिळवले आणि कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं: पंधरा तारीख, भाड्याची बस. त्या मात्र निघायचा दिवसच पहिला धरत होत्या. पत्राच्या पहिल्याच ओळीत तसं छापलेलंही आहे. मी ते वाचलं नाही, कारण मला वाचायची गरज वाटली नाही. मुखपृष्ठाच्या पुढे जात नाही म्हणून तुम्हाला टोमणा मारणारी ती मीच.

चौदा तारखेला दुपारी त्या बावीस बायका सामान घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या आणि त्यांच्यासाठी बस नव्हती.

"त्यांचा फोन आला तसं त्यानं दुसरी गाडी शोधतो म्हटलं होतं," दादा म्हणाले. "मीच किल्ली घेतली. तोवर त्या तुला फोन करत बसल्या असत्या. अठरा वर्षांत तू एकदा चुकलीस. तुला कळलं असतं तर तू पुन्हा कागदाला हात लावला नसतास."

नोंदवहीत 'विश्रांती' त्यांनी आपणहून लिहिलं, आणि तुमच्याकडून शपथ घेतली. पंधरा तारखेची भाड्याची बस तुम्ही परस्पर रद्द केलीत. मला सांगितलंत, शिक्षिका ठरल्याप्रमाणे पोचल्या. त्या धांदलीत मी कशाला विचारते?

भाऊजी, मला आधी तुमचे पाय धरावेसे वाटले, खरं सांगते. मग इतका राग आला की मी हातातली कपबशी जमिनीवर आपटली. मला कुणी विचारलं होतं? दोन वर्षं तुम्ही दोघा भावांनी मला विश्रांती दिलीत, न मागता, आणि त्या विश्रांतीत बसून मी तुमच्यासाठी फास वळत राहिले. खोटं बोलायचंच होतं तर मला पचेल असं खोटं निवडलंत. हाव म्हटल्यावर मी पुढे काही विचारणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. ते मला जास्त लागलं.

आणि हो, तुम्ही सगळ्यातून सुटलात असं समजू नका. दहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारी निघू या म्हणायला तुमची जीभ झडली नसती. तो भाग तुमचा. मी तो विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

मग मी दादांना आचाऱ्याचं विचारलं. तो पुढे का बसला होता? दादांनी कपाटाचं दार लावलं. म्हणाले, "त्याला माहीत होतं मी झोपलो नाही ते. म्हणाला, मी पुढे बसतो आणि बोलत राहतो, तू नुसतं ऐक. तो बोलत होता. मी ऐकत होतो. मग ऐकू येईनासं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी आचाऱ्याच्या गावी गेले. तुमचा कागद तिला पोचला होता, दाराच्या आत खिळ्याला लावून ठेवला होता. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. शिक्षिका, पाचवा दिवस, लाल शाई, किल्ली. तिनं मला बस म्हटलं नाही आणि मीही बसले नाही. सुईत दोरा ओवून तिनं हातातला सदरा मांडीवर ठेवला होता, माझं होईपर्यंत एक टाका घातला नाही.

मग म्हणाली, "म्हणजे ते गप्पा छाटायला पुढे बसले नव्हते."

"नाही," मी म्हटलं. "ह्यांना जागं ठेवायला बसले होते."

माझ्या चुकीबद्दल तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "काय बोलत होते?" मी म्हटलं, मला माहीत नाही, ह्यांना माहीत आहे. तर म्हणाली, "मग त्यांना घेऊन या. मला पत्र नको, निरोप नको. त्यांच्या तोंडून ऐकायचंय." आणि दार लावून घेतलं.

चौकशी कार्यालयाला मी माझ्या सहीनं लिहून पाठवलंय, सोबत त्या पत्राची नक्कल, लाल शेऱ्यासकट. पोस्टमास्तरांनाही लिहिलंय. ते तुमच्या त्या सव्वीस जणांना कळवतील, प्रत्येकी एक प्रत. तुमच्या कागदातलं मधलं वाक्य खोटं आहे, ते तुम्ही मागे घ्या. पहिलं आणि तिसरं राहू द्या.

दादा जायला तयार आहेत. मी विचारलं आणि ते लगेच हो म्हणाले, जणू दोन वर्षं कुणी बोलावण्याचीच वाट बघत होते. पण गाडीत बसायला तयार नाहीत, म्हणून आम्ही चालत निघतोय. बासष्ट किलोमीटर. दोन वर्षं खिडकीशी बसलेल्या पायांना दिवसाला बारापेक्षा जास्त झेपणार नाही. तीन दिवस बारा-बारा, चौथा दिवस मोकळा, मग तेरा-तेरा. चौथ्या दिवशीचा मुक्काम कालव्याकाठच्या चौकीदाराच्या खोलीत आहे. तिथं बघण्यासारखं काही नाही. सोळा तारखेला संध्याकाळी फक्त वेशीपर्यंत निघतोय, म्हणजे वीस तारखेला आम्ही तिथं असू. निघायचा दिवस शून्य धरला तर. या वेळी मी चौकीदाराला तारीखच कळवली आहे, कितवा दिवस ते लिहिलंच नाही.

तुम्ही त्या दिवशी या. दादांना तुम्हाला भेटायचं आहे. मला अजून नाही, म्हणून मी कालव्यावर कपडे धूत बसेन, तुम्ही दोघं खोलीत बोला.

एक गोष्ट राहिली. काल रात्री पिशवी भरताना दादांनी मला विचारलं, सगळं सांगायचं का तिला? मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाले, आचारी शेवटचा तासभर बायकोच्याच कागाळ्या करत होता. ती घोरते, मीठ कमी घालते, त्याच्या आईशी धड बोलत नाही, या खेपेला घरी गेलो की चांगला दम देतो म्हणत होता. दादा म्हणाले, तिला काहीतरी बरं सांगू या, तुझी आठवण काढत होता असं. तिला कुठे कळणार आहे?

मी म्हटलं, सगळं सांगायचं. घोरण्यापासून मिठापर्यंत. एक शब्द गाळायचा नाही.

वहिनी